चादरीखालचा पाय

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे, आणि मी चिडलेलो आहे. एका वृद्धाश्रमात, चाकांच्या खांबावर बसवलेल्या टीव्हीसारख्या पडद्याच्या डोक्यावर माझी जागा. दर मंगळवारी दूरच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई माझ्यातून आजी-आजोबांना तपासतात.

कारखान्यात माझी काच पुसताना एक बाई म्हणाली होती, "नीट बघ हं बाबा." तेवढंच माझं शिक्षण. इथे आलो तेव्हा काय ते कौतुक! व्यवस्थापकांनी भाषण ठोकलं, "आता डॉक्टर थेट खाटेशी येणार!" टाळ्या पडल्या आणि मीही हुरळून गेलो.

पण मोठ्या सिस्टरांना एक खोड होती. मंगळवार आला की घरी पाहुणे यायचे असल्यासारखी त्यांची धांदल उडे. सगळ्यांचे केस विंचरायचे, तोंडाला पावडर लावायची, चादर गळ्यापर्यंत ओढायची आणि माझी मान चेहऱ्याकडे वळवायची. ही मान मला वळवता येत नाही, डॉक्टरीणबाईंनाही नाही.

तिसऱ्या खाटेवर टपालआजोबा होते. पस्तीस वर्षं त्यांनी पायी पत्रं वाटली होती. त्यांना मधुमेह, त्यात टाचेला जखम झाली. "बाई, जरा पाय..." ते सांगू लागले, तोच सिस्टर हसून म्हणाल्या, "दुखतो थोडा, वय झालं ना! बाकी मजेत आहेत."

"छान दिसताय की," म्हणून डॉक्टरीणबाई पुढच्या खाटेकडे वळल्या. नंतर सिस्टर पट्टी बदलताना पुटपुटल्या, "असलं घाण काय दाखवायचं डॉक्टरांना?" असे चार मंगळवार गेले. चार! माझा नुसता जळफळाट होत होता आणि समोर तो पावडर लावलेला चेहरा.

पाचव्या मंगळवारी फरशी पुसणाऱ्या मावशींना वास आला. त्यांनी फडकं बादलीत आपटलं, आजोबांची चादर ओढून काढली, टाचेची पट्टी सोडली आणि माझी मान खसकन खाली केली. "आधी हे बघा, मग छान म्हणा!"

डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठल्याच. "आत्ताच्या आत्ता गाडी बोलवा! महिन्यापूर्वी का नाही दाखवलंत?"

पाय गुडघ्याखाली कापावा लागला. सिस्टर खूप रडल्या. रडू देत. मला त्यांची दया आली नाही.

आता मंगळवारी टपालआजोबा चाकांच्या खुर्चीतून माझ्याबरोबर खाटेखाटेशी येतात. माझी मान स्वतःच्या हाताने वळवतात आणि प्रत्येकाला विचारतात, "कुठं दुखतंय? तेच दाखव."

मित्रांनो, माझी काच पुसली नाहीत तरी चालेल. पण तुमच्या आजीला कुणी माझ्यासमोर बसवलं, तर तिचे केस विंचरत बसू नका. आधी चादर बाजूला करा. मी बघायला आलोय, मला बघू द्या.