चारवर ठोकलेला पाच

माझ्या नवऱ्याचं, ऑर्व्हिलचं, सगळ्यात जुनं दुखणं म्हणजे विलर्ड स्टॉफर. दोघंही लँकेस्टरच्या नाणेमंडळातले. स्टॉफरकडे १८०५ सालचा चांदीचा अर्धा डॉलर होता. टांकसाळीने नवा ठसा कोरायचा कंटाळा केला आणि आदल्या वर्षीच्याच ठशातल्या चारवर पाच ठोकून दिला. भिंगातून तो चार अजून डोकावतो. ऑर्व्हिलकडेही तसलं एक नाणं आहे, पण झिजलेलं. स्टॉफरचं कालच पाडल्यासारखं. बैठकीत ते हातोहात फिरायचं, हा कडेने धरून बघायचा, आणि घरी येऊन माझ्यावर खेकसायचा.

जळत मीही होते. लग्नाच्या दिवशीसुद्धा हा माणूस माझ्याकडे इतका वेळ बघत बसला नव्हता. सवत घरात असली तर निदान भांडता तरी येतं. ही दुसऱ्याच्या घरी होती.

गेल्या शनिवारी स्टॉफर स्वतःच आमच्याकडे आला. मी कॉफी आणि प्रेट्झेल ठेवले.

"डोळे गेले माझे, ऑर्व्हिल," तो म्हणाला. "भिंगातूनही चार दिसत नाही आता. विकून टाकतोय. पहिला हक्क तुझा."

मला वाटलं, आमच्या घरातलं दुखणं आज संपलं.

"पुढेमागे ते लिलावात गेलं तर?" ऑर्व्हिलने विचारलं.

"तर काय?"

"नाण्याच्या आजवरच्या मालकांची नावं ओळीने वाचतात. आधी तुझं वाचतील, मग माझं."

"रीतच आहे ती. माझ्याआधी त्या म्हाताऱ्या क्रेबिलचं वाचतील. मला काय झालं त्याने?"

"मला तुझ्या मागून यायचं नाही."

स्टॉफर हसला. "अरे, तोवर आपण दोघंही थडग्यात असू."

"तिथेही ऐकू येईल मला," ऑर्व्हिल म्हणाला. थट्टा करत नव्हता तो.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसली ही जात. माझं डोकंच फिरलं.

"विलर्ड, मी घेते ते," मी म्हटलं, आणि गोधड्या विकून साठवलेले पैसे काढून आणले.

"तू?" ऑर्व्हिल म्हणाला. "तुला काय कळतं त्यातलं?"

"काही नाही. म्हणून तर माझं पोट दुखत नाही."

खरं तर मी ते त्याच्या वाढदिवसाला त्यालाच देणार होते. मध्ये माझं नाव आलं असतं, म्हणजे हा स्टॉफरच्या नाही, बायकोच्या मागे आला असता. तेवढं तरी चाललं असतं ना?

स्टॉफर गेल्यावर मी टॉवेलाची घडी घातली, त्यावर नाणं धरलं आणि भिंग लावलं. पाचच्या आडून चारची एक आडवी रेघ बाहेर आलेली. त्या लोकांनी झाकायचा किती प्रयत्न केला असेल, पण ती राहिलीच. मी बघतच बसले.

"दे इकडे," ऑर्व्हिल म्हणाला.

"थांब. अजून बघतेय."

तो समोर बसला. त्याचं लक्ष नाण्यावर नव्हतंच, माझ्यावर होतं. ओठ आवळलेले, कान लाल. इतकी वर्षं जे स्टॉफरच्या वाट्याला येत होतं, ते आता माझ्या वाट्याला आलं होतं. मला इतकं बरं वाटलं की वाढदिवसाचं तोंडापर्यंत आलेलं मी गिळून टाकलं.

"बैठकीला आणेन मी," मी म्हटलं. "तिथे बघ, सगळ्यांबरोबर."