ब्रशात राहिलेलं

सकाळपासून तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. कडेवर बाळाची चुळबुळ, एका हाताने दुधाची बाटली घासणं, आणि डोक्यात मामा.

आज मामाची तिसरी तपासणी. पित्तनळी अरुंद झालेली, अंग पिवळंधमक. डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण उतरवून दोनदा त्या नळीत बारीकसा ब्रश फिरवला, काचपट्टीवर पुसला आणि काचपट्टी लॅबमध्ये पाठवली. लॅबमध्ये तंत्रज्ञ हीच. दोन्ही वेळा अहवाल एकच: पेशी अपुऱ्या, निदान करता येत नाही.

मामा सुतार. नुसत्या संशयावरून ऑपरेशन करू म्हणणाऱ्या सर्जनला त्याने तोंडावर सुनावलं होतं, “कीड दिसल्याशिवाय मी लाकडाला करवत लावत नाही, आणि तुम्ही माझ्या पोटाला लावताय!” सर्जन म्हणाले, “उशीर केलात, तर मग कापूनही उपयोग नाही.”

तिने बाटलीचा ब्रश झटकला. स्वच्छ दिसला. वाटीभर पाण्यात बुडवला, तर त्याच्या केसांतून दुधाचे कण सुटत राहिले, सुटतच राहिले.

“अगं बाई!”

बाळ सासूबाईंच्या हातात देऊन ती जी सुटली, ती थेट तपासणीच्या खोलीत.

“डॉक्टर, ब्रश पुसून फेकू नका, पेशी त्यातच अडकून राहतात. टोक कापून थेट पेशी टिकवायच्या औषधाच्या बाटलीत टाका. आणि ब्रश ज्या प्लॅस्टिकच्या नळीतून बाहेर येतो, तीही धुऊन ते पाणी मला द्या.”

“आता तू आम्हाला शिकवणार?”

“शिकवत नाही हो. नाहीतरी फेकताच ना? मला द्यायला काय जातंय?”

“बरं बाई. सिस्टर, कातर आणा.”

दुपारी तिने बाटलीतलं औषध आणि ते पाणी यंत्रात गरगर फिरवलं. तळाशी भुरका ठिपका जमला. रंग देऊन तिने काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. पेशीच पेशी! ती खुर्चीतून उठलीच. मग पॅथॉलॉजीच्या मॅडम बसल्या, आणि एकेका पेशीवर थांबत काचपट्टी पुन्हा पहिल्यापासून बघू लागल्या. आपण कशावर हरखलो, ते तिला तेव्हा कळलं.

“कॅन्सरच?”

“हो. या वेळी शंकाच नाही.”

संध्याकाळी वॉर्डात मामा खाटेवर बसून डुगडुगणारं टेबल न्याहाळत होता.

“मामा, सापडलं.”

“हरवलं होतं काय?” तो हसला. तिचा चेहरा बघून थांबला. “तू स्वतः बघितलंस?”

“बघितलं.”

त्याने वाकून टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी सरकवली, टेबल हलवून पाहिलं.

“मग सांग तुझ्या सर्जनला, करवतीला धार लावून ठेवा म्हणावं. आणि तू घरी पळ. लेकरू वाट बघत असेल.”

ती मात्र टेबल घट्ट धरून तिथेच बसून राहिली.