कडब्याकडं पाठ

माझी शिट्टी लोकांना आवडत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. बावीस वर्षं पूर्णेच्या एका शाळेत खेळ शिकवते आणि तेवढीच वर्षं आजूबाजूच्या तालुक्यांत बास्केटबॉलची पंच म्हणून जाते. त्रिवेणी मॅडम आल्या म्हटलं की भल्याभल्या क्रीडाशिक्षकांची तोंडं कारलं खाल्ल्यासारखी होतात. नियमांचं पुस्तक कायम माझ्या पर्समध्ये असतं. घरी भांडतानासुद्धा मी कलम काढून दाखवते, असं नवरा चारचौघांत सांगतो. साफ खोटं आहे. एकदाच दाखवलं होतं.

तर सप्टेंबरातली गोष्ट. सेलूला तालुक्याच्या शालेय स्पर्धा होत्या, सतरा वर्षांखालच्या मुलींचा अंतिम सामना. सकाळच्या गाडीनं उतरले, मैदानावर पोचले, रिंगांची उंची मोजून घेतली. माझ्या जोडीला दिलेले दुसरे पंच मूळचे कबड्डीतले. बास्केटबॉलमधलं त्यांना एवढंच माहीत होतं की टोपलीला बूड नसतं. मला म्हणाले, "मॅडम, अवघड काई आलं तर तुमीच बघा." मी म्हटलं, सोपं आलं तरी मीच बघते.

एका बाजूला सेलूचा संघ. एकसारखे बूट, पाठीवर छापील नावं, कर्णधार भक्ती नावाची उंच मुलगी, आणि शिकवायला रामलिंग सर. हे सर माझ्यासारखेच पुस्तकातले किडे. दुसऱ्या बाजूला बोरखडीच्या मुली. देवगाव फाट्याच्या अलीकडचं हे लहानसं गाव. मुली टेम्पोत उभ्यानं आलेल्या, आणि पुढच्या सीटवर सरपंच कस्तुराबाई. साठीच्या, नऊवारी नेसलेल्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. उतरल्या त्या सरळ मैदानाच्या एका टोकाला, रिंगमागं घातलेल्या पाहुण्यांच्या मांडवात जाऊन पहिल्या रांगेत बसल्या. कुणी बसा म्हणायची वाट पाहिली नाही.

बोरखडीचे धम्मपाल सर माझ्याकडे आले. तरुण माणूस, पण चेहऱ्यावर चार मुलींची लग्नं ठरवायला निघालेल्या बापाची काळजी.

"मॅडम, आधीच सांगून ठेवतो. आमच्या गावात एकच रिंग हाय."

"एकच?"

"एकच. बोअरच्या जुन्या पाईपाला वेल्डिंग करून उभी केली. दुसरी बी तयार हाय, शाळेच्या व्हरांड्यात पडून हाय दोन वर्षं. पण जिथं रोवायची तिथं सरपंचबाईची कडब्याची गंजी हाय."

मी मांडवाकडे पाहिलं. कस्तुराबाई पान लावत होत्या.

"त्या म्हणल्या, सेलूहून जिंकून या, गंजी हलवते. साऱ्या गावादेखत म्हणल्या. म्हणून पोरी जीव तोडून खेळायल्यात. दोन वर्षं झाली, पोरींनी एकाच दिशेनं गोल टाकलाय. मी बी त्यांना तेच शिकवलं. बॉल हातात आला की कडब्याकडं पाठ करायची अन् समोर पळायचं."

"आणि मध्यंतरानंतर? बाजू बदलतात ना."

"तीच तर धाकधूक हाय," सर म्हणाले. "पहिल्या डावात मांडव म्हंजी कडबा. दुसऱ्या डावात उलटं. रात्री वहीत चित्र काढून समजावलंय."

पंचाला बाजू नसते, असं पुस्तकात आहे. ते लिहिणाऱ्यानं बोरखडीच्या मुली पाहिल्या नव्हत्या. पाचात दोघी अनवाणी खेळायचं म्हणत होत्या, बुटात पाय अडकतात म्हणून. मी परवानगी दिली नाही. पण मनातल्या मनात, कुणाला सांगू नका, मी त्या गंजीला कधीच हलवून टाकलं होतं.

सामना सुरू झाला आणि मांडवातून आवाजही सुरू झाला. कस्तुराबाईंचं घर गावातल्या मैदानाला लागून. रोज संध्याकाळी ओट्यावर बसून त्या मुलींचा सराव बघायच्या, त्यामुळे त्यांना सगळं पाठ. "निके, कडब्याकडं पाठ!" असं त्या ओरडल्या की निकिता गर्रकन मांडवाकडे पाठ करायची आणि सुसाट सुटायची. निकिता म्हणजे संघाचा जीव. चण लहान, पाय भिंगरीचे. पहिल्या डावात हे सगळं बरोबरच होतं. मांडव पाठीशी, रिंग समोर. चेंडू टोपलीत पडला की मुली आधी मांडवाकडे बघायच्या आणि सरपंचबाई दोन्ही हातांनी पदर उडवायच्या.

मध्यंतरानंतर बाजू बदलल्या. धम्मपाल सरांनी मुलींना खांद्यांना धरून एकेकीला फिरवून दाखवलं, की आता मांडवाकडं तोंड. मुलींनी ते लक्षातही ठेवलं. सरांनी मुलींना शिकवलं, पण सरपंचबाईंना शिकवायचं राहिलं.

शेवटचं मिनिट आलं तेव्हा बोरखडी एकवीस, सेलू वीस. भक्तीनं टाकलेला चेंडू रिंगवर आपटून बाहेर उडाला आणि निकितानं तो उडी मारून पकडला. आपल्याच, म्हणजे राखायच्या रिंगखाली, तोंड मांडवाकडे. आता फक्त चेंडू सांभाळत पुढं जायचं होतं. घड्याळात चाळीस सेकंद.

तेवढ्यात कस्तुराबाई खुर्चीवर उभ्या राहिल्या. हो, खुर्चीवर. आणि साऱ्या मैदानाला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली.

"निकेऽऽ! कडब्याकडं पाऽऽठ!"

दोन वर्षांची सवय पोरीच्या पायात होती. निकितानं मांडवाकडे पाठ केली. समोर, हातभर अंतरावर रिंग दिसली. तिनं नीट गुडघे वाकवले, मन लावून नेम धरला आणि चेंडू टोपलीत टाकला. काय सुंदर टाकला होता! रिंगला शिवलासुद्धा नाही. बोरखडीच्या दोन मुलींनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

मग सेलूच्या मुली नाचायला लागल्या, आणि निकितानं हळूच आजूबाजूला पाहिलं.

मी शिट्टी मारून घड्याळ थांबवलं. गुण लिहिणारे गुरुजी पेन हातात धरून माझ्याकडे बघत बसले. दुसरे पंच तर केव्हाच पाणी प्यायला निघून गेले होते.

धम्मपाल सर पळत आले. "मॅडम, नियम हाय! स्वतःच्या टोपलीत जाणूनबुजून टाकला तर गोल धरत न्हाईत. नुसता नियमभंग. बॉल त्यांना द्या, पण गुण न्हाई!"

रामलिंग सरही आले, शांतपणे. "आणि चुकून टाकला तर दोन गुण आमाला. तेच कलम, वरची ओळ."

दोघांचंही बरोबर होतं. जाणूनबुजून असेल तर बोरखडी अजून एका गुणानं पुढे. चुकून असेल तर सेलू पुढे. साऱ्या सामन्याचा फैसला एका पोरीच्या मनात काय होतं, यावर आला.

"चुकून कसा?" धम्मपाल सर म्हणाले. "साऱ्यांनी बघितलं, कसा नेम धरला. चुकून असा नेम धरता येतो का?"

खरं सांगते, मला तो युक्तिवाद फार आवडला. त्याला मिठी मारावी इतका आवडला. 'जाणूनबुजून' म्हणून हात वर केला असता तर रामलिंग सरांखेरीज कुणी ब्र काढला नसता. पंचानं खेळाडूला विचारायचं काही कारण नसतं, जे दिसलं त्यावर ठरवायचं असतं. पण मला दिसलं होतं ते मला नको होतं, म्हणून मी निकिताला बोलावलं. मनात म्हटलं, हीच काहीतरी बोलून मला सोडवेल.

"निकिता, मुद्दाम टाकलास का गं?"

तिनं आधी सरांकडे पाहिलं. सरांनी डोळ्यांनीच हो म्हण, हो म्हण केलं.

"मुद्दामच टाकला मॅडम," ती म्हणाली. "नेम धरून."

धम्मपाल सरांनी हात जोडून आभाळाकडे पाहिलं.

"कुणाच्या टोपलीत?" मी विचारलं. का विचारलं, देव जाणे. बावीस वर्षांची खोड.

निकितानं मागं वळून त्या रिंगकडे पाहिलं. "सेलूची हाय असं वाटलं मॅडम. आमच्या टोपलीत कोण कशाला टाकंल?"

झालं. रिंगमध्ये टाकायचं तिच्या मनात होतं, पण स्वतःच्या रिंगमध्ये टाकायचं नव्हतं. याला पुस्तकात चूकच म्हणतात. मी दोन बोटं वर केली आणि सेलूकडे दाखवलं. बावीस, एकवीस. माझाच हात मला जड झाला होता.

उरलेल्या अडतीस सेकंदांत निकिता जशी पळाली, तसं पळताना मी कुणाला पाहिलं नाही. मांडवाकडे तोंड करून, तिघींना चुकवत. तिचा चेंडू रिंगच्या कडेवर दोनदा फिरला, थांबला, आणि बाहेरच्या बाजूला पडला. वेळ संपल्याची घंटा वाजली. सेलू जिंकलं.

मी टेबलाशी बसून कागदावर सह्या करत होते, तोच समोर रुपयाएवढं कुंकू येऊन उभं राहिलं.

"बाई, ते दोन गुण कुणाच्या नावावर लिव्हले?"

"नियमानं समोरच्या संघाच्या कर्णधाराच्या नावावर. भक्तीच्या."

"तिनं न्हाई टाकला. निकीनं बी न्हाई टाकला. म्या टाकला. गलती माझी हाय, माझं नाव लिव्हा."

"तुम्ही संघात नाही, सरपंचबाई."

"काऊन न्हाई? टेम्पो कुणी आणला?"

मुली भोवती जमल्या होत्या. डोळे लाल, पण या बोलण्यावर एकदोघी फिसकन हसल्या. धम्मपाल सरांनी संधी साधली.

"मंग सरपंचबाई, तेवढं गंजीचं..."

"गंजीचं येगळं," कस्तुराबाई म्हणाल्या. "गलती ती गलती अन् शब्द तो शब्द. जिंकून या म्हणलं होतं. जिंकल्या का? न्हाई. रचून, वरून शेकारून ठेवलेला कडबा मोडला म्हंजी निम्मा वाया जातो. तुमाला काय ठावं?"

मुलींच्या माना खाली गेल्या. निकिताची गेली नाही.

"मॅडम," ती मला म्हणाली, "एक नियम इचारू का? गोल कसा टाकला हे ठरवायला तुमी मला माझ्या मनातलं इचारलं. मंग शब्द दिला तवा सरपंचबाईच्या मनात काय होतं, ते बी इचारा की."

मी पेन खाली ठेवलं. एवढ्या वर्षांत इतकं सरळ अपील माझ्याकडे कुणी केलं नव्हतं. शिट्टी उचलली आणि बसल्या जागी एक बारीक फुंकर मारली.

"सरपंचबाई, पोरीनं खरं सांगितलं म्हणून तिचा सामना गेला. आता तुम्ही सांगा. जिंकून या म्हणालात तेव्हा मनात काय होतं?"

कस्तुराबाईंनी पदर सावरला. उगाच घसा साफ केला. मुलींकडे पाहिलं, मग निकिताकडे पाहिलं, आणि त्यांना हसू आवरेना.

"खरं सांगू? मनात होतं, ह्या पोरी काई जिंकत न्हाईत. गंजी काई जागची हलत न्हाई."

टेबलापलीकडून रामलिंग सर, सेलूचे रामलिंग सर, हसत हसत म्हणाले, "मॅडम, हे तर जाणूनबुजून झालं."

"कलम एकच," मी म्हटलं. "जाणूनबुजून केलेलं धरत नाहीत. अट रद्द. गंजी हलवा."

मुलींनी जो कल्ला केला तो सेलूच्या विजयापेक्षा मोठा होता. कस्तुराबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "ह्या बाईला कुणी बोलावलं हो पूर्णेहून?" पण डोळे भरले होते. निकिताला जवळ ओढून त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला आणि आपल्या कानशिलावर बोटं मोडली.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मला बोरखडीहून बोलावणं आलं, शिट्टी घेऊन या म्हणून. गेले तेव्हा सारं गाव कडब्याच्या पेंढ्या वाहत होतं. कस्तुराबाई ओट्यावरून हुकूम सोडत होत्या आणि पेंढी फेकणाऱ्याला शिव्या देत होत्या. दुपारपर्यंत जागा मोकळी झाली. वर्षानुवर्षांच्या गंजीखाली जमीन पिवळी पडली होती. तिथं दुसरा पाईप रोवला, खडी-सिमेंट भरलं. दसऱ्याच्या दिवशी पुन्हा गेले आणि त्याला झेंडूची माळ घालून मी पहिला चेंडू वर उडवला.

सवय इतकी वाईट, की दुसऱ्याच मिनिटाला ओट्यावरून आरोळी आली, "निकेऽ, कडब्याकडं पाठ!" निकिता चेंडू हातात धरून थांबली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कडबा कुठंच नव्हता. दोन्ही बाजूंना रिंगच होत्या.

ती माझ्याकडे वळली. "मॅडम, आमची कोणती?"

चालू खेळात पंचानं खेळाडूला असलं काही सांगायचं नसतं. मी शिट्टी तोंडातून काढली.

"दोन्ही तुमच्याच आहेत गं," मी म्हटलं. "टाक कुठंबी."