काळ्या बोटाचा आकडा

करोनाची दुसरी लाट होती. नारायणगावात अश्विनीच्या मेडिकलपुढं माणसं चुन्याच्या गोलांत उभी होती. दुकानातलं एकच ऑक्सिमीटर ती गरज पडेल त्या घरी पाठवायची. परवापासून ते पिंपरी पेंढारच्या रामनाथकाकांकडं होतं. त्यांचाच फोन आला.

"पोरी, हिचा आकडा... एकोणऐंशी आलाय! आता गं... काय करू?"

एवढा ऑक्सिजन उतरला तर दवाखाना गाठायलाच हवा, आणि खाट कुठंच मिळत नव्हती.

तेवढ्यात फोनवरच काकांच्या मागून त्यांच्या बायकोचा, सारजाकाकूंचा आवाज आला. "मला काय धाड भरलीय! सकाळधरनं बारा क्रेट तोडल्यात. ह्यांनीच उगा घाबरं केलंय!"

एकोणऐंशीवाली बाई एवढी भांडेल?

"काकू, टोमॅटो तोडून आलात ना? बोटं कशी आहेत?"

"कशी असत्यात? काळी, चिकाट."

"त्या काळ्या चिकानं मशीनचा उजेड अडतो, आकडा खोटा येतो. लिंबू चोळून धुवा, मग परत लावा. फोन ठेवू नका."

अश्विनीनं फोन स्पीकरवर टाकला. फोनवर पाण्याचा आवाज येत होता.

"सत्त्याण्णव!" काकू ओरडल्या. रांगेत कुणीतरी टाळी वाजवली. अश्विनी हसली, पण एक गोष्ट तिच्या मनातून जाईना. काका बोलताना सारखे थांबत होते.

"काका, आता तुमचं बोट."

"माझं कशाला? कणकण व्हती म्हणून... आठ दिस घरातच हाय."

"म्हणजे बोटं स्वच्छ. लावा."

पलीकडं मशीन लावल्याची खुडबुड ऐकू आली. मग काकूंचा बारीक आवाज आला. "शहाऐंशी. अगं, ह्यांच्या बोटाला तर डागबी न्हाई."

"त्यांना पालथं झोपवा. गाडी येतेय!"

अश्विनीनं दुसऱ्या फोनवर दवाखाने लावायला सुरुवात केली. नाही. नाही. नाही. चौथ्यानं हो म्हटलं. रांगेतला जीपवाला गोकुळ औषध न घेताच पळाला.

"अरे, जीपमध्ये मागं क्रेट आहेत तुझे!" रांगेतून कुणीतरी ओरडलं.

"रस्त्यात उतरवतो, राव!"

बाराव्या दिवशी तीच जीप दुकानापुढं थांबली. काका वाळले होते, पण आपल्या पायांनी उतरले. काकूंनी कुणाला बोलूही दिलं नाही. काउंटरवरचं मशीन ओढून काकांच्या बोटाला लावलं. त्र्याण्णव. पंच्याण्णव. रांगेतली माणसं वाकून बघायला लागली.

"शहाण्णव!" गोकुळच आधी ओरडला.

"काकू, आता तुमचंही बघू."

काकूंनी काळे हात पाठीमागं लपवले. "माझं ऱ्हाऊ दे. टोमॅटोचा तोडा अर्धा टाकून आलेय."