डिझेलचा वास

सुलोचनाबाईला खर्ऱ्याची किळस होती, आणि बपेऱ्यापासून तुमसरपर्यंत जिथं बघावं तिथं खर्राच होता. बसथांब्याच्या भिंती लाल, बँकेच्या जिन्याचे कोपरे लाल, लग्नाच्या मांडवात नवरदेवाचा मामा एका गालात तोबरा धरून आशीर्वाद देतोय. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून माणसं ती पन्नी मांडीवर इतकी मन लावून घोटायची, की तेवढ्या वेळात घरची कणीक मळून झाली असती. मग पन्नी तिथंच रस्त्यावर, खर्रा तोंडात, आणि पुढचा अर्धा तास माणूस मुका. हुंकारावर सगळा संसार चालायचा. सुलोचनाबाई अशा माणसाशी बोलतच नसे. "पयले थुकून या, मंग बोला," असं तोंडावर सांगायची, मग तो सरपंच का असेना.

तेवढा तोरा मिरवायला तिला कारण होतं. तिचा नवरा त्यातून सुटला होता. भोजराजनं मिसरूड फुटल्यापासून खर्रा खाल्ला होता. गेल्या साली त्याला तिखट सोसेना, मग मोठा घास जाईना. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं त्याला स्वतःची बोटं उभी धरून तोंडात घालायला लावली. धडधाकट माणसाची तीन बोटं जातात. भोजराजची दोन गेली. "आजपासून खर्रा बंद. नाहीतर तोंड मिटत जाईल आणि पुढे कॅन्सरसुद्धा होऊ शकतो," डॉक्टर म्हणाला. बसमध्ये परत येताना दोघंही खिडकीबाहेर बघत बसली. त्याच आठवड्यात भोजराजनं टेकडीवरच्या मारोतीपुढे नारळ ठेवला आणि पुन्हा खर्ऱ्याला हात लावणार नाही अशी शपथ घेतली.

सुलोचनाबाईनं मारोतीवर भरवसा ठेवला, नवऱ्यावर लगेच ठेवला नाही. त्याचे खिसे उलटे केले, उशीचे अभ्रे झटकले, पिकअपची सीट उचलून पाहिली, जॅकच्या पेटीत हात घातला. कुठंच काही सापडलं नाही. नवरा संध्याकाळी यायचा तो डिझेलचा वास घेऊन. हाताला डिझेल, शर्टाला डिझेल, मिशीलासुद्धा. दुसऱ्या बाईनं नाकाला पदर लावला असता. पण इतकी वर्षं खर्ऱ्याचा आंबूस दर्प सोसल्यावर सुलोचनाबाईला तो वास चक्क आवडायला लागला. हा राबणाऱ्या माणसाचा वास आहे, असं तिला वाटायचं. बायकांत बसली की ती हटकून सांगायची, "आमच्या आंगनात पन्नी दिसत नाई, बाप्पा."

घरचा धंदा तिच्या हाताचा होता. टेकडीवरच्या मारोतीला नवस फेडायला येणाऱ्यांसाठी ती रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी रांधून द्यायची. वर पाण्याचा टिपूस नाही. पाण्याचे ड्रम, स्वयंपाकाचे गंज, गोवऱ्या, कणकेची पोती, सगळं पिकअपमध्ये घालून चढवावं लागायचं, आणि पिकअप तर थकलेली. मागून निळा धूर, ऑईल पिते ती वेगळीच. चढ लागला की पहिल्या गिअरमध्ये धापा टाकायची. सुलोचनाबाई आणि तिच्या मदतीला येणारी म्हातारी देवकाबाई, दोघी उतरून चाकामागे दगड लावत चालायच्या. शेवटी इंजिन उघडून नव्यानं बांधून घ्यायचं ठरलं.

तुमसरला बाबुलाल मिस्त्रीसारखा इंजिनचा कारागीर नव्हता आणि त्याच्यासारखा खर्रेबाजही नव्हता. त्याच्या गॅरेजची भिंत कमरेपर्यंत रंगलेली. सुलोचनाबाईनं ती भिंत पाहिली, आणि ती एक रिकामी पेटी उलटी करून तिथंच बसली.

"मिस्त्री, माझं इंजन उघडं हाय तोवर तुमच्या तोंडात काई नाई पायजे."

बाबुलालनं मदतीसाठी भोजराजकडे पाहिलं. भोजराज जमिनीकडे पाहत होता. बाबुलाल मुकाट्यानं बाहेर जाऊन थुंकून आला.

इंजिन उघडल्यापासून बांधेपर्यंत रोज ती त्या पेटीवर बसली. हेड निघालं, पिस्टन निघाले, पिस्टनभोवतीचे स्लीव्ह झिजून पार गुळगुळीत झालेले. क्रँक लेथवर पाठवला. खालच्या चेंबरमधून काळा चिखल निघाला, बाबुलालनं तो बोटांवर घेऊन तिला दाखवला, आणि तिला त्याचं काहीच वाटलं नाही. ती घाण कामाची होती, कुणी चघळून टाकलेली नव्हती. नवे स्लीव्ह, नवे पिस्टन, नव्या रिंगा बसल्या. व्हॉल्व्ह तर बाबुलालनं हातानं घासून बसवले. खर्रा नसल्यानं तो चिडचिड करायचा, पण हात त्याचा हलला नाही. हे मात्र तिला मान्य करावं लागलं.

"डिझेलची टाकी बी उतरवून धुऊन टाकू काय?" बाबुलालनं विचारलं.

"कायले?" भोजराज पटकन म्हणाला. "टाकी चांगली हाय. पैसे काय झाडाले लागले?"

टाकीच्या झाकणाला कुलूप होतं, कारण गावात डिझेल चोरीला जायचं. त्याची किल्ली भोजराजच्या गळ्यात, काळ्या दोऱ्यात असायची. आंघोळीलासुद्धा तो ती काढत नसे. इतकी जपणूक पाहून सुलोचनाबाईला बरंच वाटायचं.

इंजिन सुरू झालं तेव्हा त्याचा आवाज ऐकून शेजारचा वेल्डरसुद्धा बघायला आला. धूर नाही, खडखड नाही. पुढच्याच शनिवारी पिकअप भरून निघाली. पायथा सोडला, दुसरा गिअर, तिसरा गिअर, सुलोचनाबाई सीटवर सरसावून बसली. अर्ध्या चढावर जिथं रस्ता उजवीकडे वळतो तिथं इंजिन एकदा अडखळलं, दुसऱ्यांदा अडखळलं, आणि बंद पडलं. थोडं थांबून किल्ली फिरवली तर लगेच सुरू. वीस पावलं गेली की पुन्हा बंद. वर नवसाची माणसं उपाशी, आणि मधल्या वळणावर पाण्याच्या ड्रमांसकट पिकअप. शेवटी गंज डोक्यावर घेऊन बाया वर चढल्या. त्या दिवशी रोडगे उन्हं कलताना पानात पडले आणि लोकांनी जेवता जेवता तिला नको ते ऐकवलं.

परत पिकअपपाशी आल्यावर देवकाबाई चाकाजवळ बसून हळूच म्हणाली, "मारोती वर घेऊन नाई राहिला, बाई. कोनाचा तरी बोल खोटा झाला."

"माझ्या घरचा बोल खोटा होत नाई," सुलोचनाबाई कडाडली. "त्या बाबुलालनं घान केली आतमंधी. मी जेवायले उठली तेवढ्यात घोटला असन. पडली असन त्याची पन्नी."

दुसऱ्या दिवशी ती गॅरेजात जाऊन असं बोलली, की बाबुलालवर गालातला तोबरा तसाच गिळायची पाळी आली. भोजराज मागे उभा राहून मान हलवत होता. "असन, असन," एवढंच म्हणत होता. बाबुलालनं फिल्टर बदलला, पंप तपासून आणला, आणि शपथेवर सांगितलं की त्याच्या हातून आत काही पडलेलं नाही. सुलोचनाबाईनं त्याच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिच्या मते एवढा पुरावा पुरे होता.

बाबुलालला ते लागलं. पुढच्या शनिवारी तो स्वतः मोटरसायकलवर पायथ्याशी आला, भोजराजला उरलेल्या सामानापाशी ठेवलं आणि पिकअप हाकली. पुन्हा तोच चढ, तेच वळण, पुन्हा बंद. या वेळी त्यानं बोनेट उघडलं. मग त्यानं टाकीकडून येणारी नळी काढली, खालून डिझेलचा एक कॅन मागवला, नळी थेट कॅनमध्ये सोडली आणि कॅन सुलोचनाबाईच्या मांडीवर ठेवला.

"घट्ट धरा, वहिनी. आता हेच आपली टाकी."

बाबुलालनं नळीत अडकलेली एअर काढली, पुन्हा स्टिअरिंग हातात घेतलं, आणि पिकअप निघाली. वळण आलं. वळण गेलं. भरलेल्या ड्रमांसकट गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढत राहिली. इंजिनाचा आवाज जराही उतरला नाही. सुलोचनाबाईच्या लुगड्यावर डिझेल सांडत होतं आणि ती हसत होती. देवळाच्या पायऱ्या दिसल्या तेव्हा तिनं मिस्त्रीला माफ करूनही टाकलं होतं.

"इंजनाले काईच झालं नाई," बाबुलाल म्हणाला. "त्याले प्यायलेच भेटून नाई राहिलं. सपाटीवर थोडकं डिझेल लागते, भागून जाते. चढावर जास्त ओढते, तवा टाकीत काहीतरी नळीच्या तोंडाले येऊन चिकटते. बंद पडली का सुटून जाते, म्हनून पुन्हा सुरू होते. टाकी उतरवा लागते."

ड्रम वर उतरवून ते खाली आले. पायथ्याशी भोजराज उरलेल्या गोवऱ्या आणि पोती राखत उभा होता. टाकीचं नाव निघताच त्याचा चेहरा पडला.

"आज नोको. लोकं उपाशी हायेत वर. किल्ली बी घरी राहिली."

"गळ्यात काय हाय मंग?" सुलोचनाबाईनं विचारलं.

बाबुलालला किल्लीची गरजच नव्हती. त्यानं पट्टे सोडून अख्खी टाकी खाली घेतली, डिझेल किती आहे ते दाखवणारं गेज काढलं आणि त्या भोकातून टाकी घमेल्यात ओतली. आधी डिझेल आलं. मग काहीतरी अडलं. त्यानं तार घालून ओढलं, आणि एक पन्नी बाहेर आली. तिच्यामागे दुसरी. मग काही पन्न्या रबर लावलेल्या, गाठ न सोडलेल्या, आतली सुपारी फुगून पांढरट झालेली, तंबाखूचा तपकिरी गाळ झालेला. तो गोळा घमेल्यात पडताना जो आवाज झाला तो ऐकून सुलोचनाबाईनं तोंडावर पदर दाबला. तरी ती बोललीच.

"पाहा! पाहा तुमची घान, मिस्त्री! मी काय सांगत होती?"

बाबुलालनं चिडून उत्तर द्यायला तोंड उघडलं, मग भोजराजकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"वहिनी, मी खातो. सारं तुमसर जानते. पन या झाकनाची किल्ली माझ्यापाशी कवा आली होती?"

देवकाबाईनं गोवऱ्यांचं पोतं उगाच इकडचं तिकडे केलं. सुलोचनाबाई नवऱ्याजवळ गेली, त्याच्या गळ्यातला काळा दोरा धरला आणि हिसडा देऊन तोडला. पिकअपच्या बाजूला टाकीच्या तोंडावर पत्र्याची एक झडप होती, तिलाही तीच किल्ली लागायची. झडपेआड मूठ जाईल एवढी पोकळी होती. त्या पोकळीत, डिझेलनं ओशटलेल्या फडक्यात, आज सकाळचे ताजे खर्रे होते. डिझेल भरायला झाकण उघडलं की एखादा खर्रा नाहीतर रिकामी पन्नी निसटायची ती सरळ टाकीत जायची. एवढीच गोष्ट होती.

तिनं घर, गाडी, कपडे, सगळीकडे हात घातला होता, आणि डिझेलच्या कुलपाआड काय असणार म्हणून नेमका इथंच घातला नव्हता. तिला डिझेलच्या वासाखाली खर्रा लपवणारी त्याची मिशी आठवली. त्या वासाजवळ ती रोज रात्री डोकं ठेवून झोपत होती. तिला स्वतःचीच किळस आली.

"सुलोचना, आयक ना," भोजराज म्हणाला. "कमी केला होता मी. मारोतीची आन."

"त्याचं नाव घेऊ नोका."

बाबुलालनं टाकी धुतली, बसवली, आणि पैशाची गोष्ट न काढता मोटरसायकलवर बसून निघून गेला. वर माणसं उपाशी होती. उरलेली पोती भरली, देवकाबाई मागे चढली, भोजराजनं गाडी सुरू केली. पिकअप अशी चढत होती, की इंजिन बांधून घेतलं त्याचं सार्थक व्हावं. वळण आलं तसं सुलोचनाबाई म्हणाली, "थांबवा."

ऐन चढावर त्यानं ब्रेक दाबला.

"बोटं घाला तोंडात."

"काहून आता..."

"डॉक्टरनं घालाले लावली होती ना? घाला."

भोजराजनं हात वर नेला. बोटांना डिझेल लागलेलं होतं. एक बोट गेलं. दुसरं दातांवर अडलं. त्यानं मान वाकडी केली, जबडा ताणला, डोळ्यांतून पाणी आलं, पण ते बोट आत गेलं नाही. मागच्या साली दोन गेली होती. त्यानं हात खाली घेतला आणि स्टिअरिंगवर ठेवला.

"चला वर," ती म्हणाली.

जागेवरून, भरल्या वजनानिशी, चढावर पिकअप उठली आणि एकदाही न अडखळता देवळापाशी जाऊन उभी राहिली.

रोडगे भाजून झाले, पंगत बसली, लोकांनी वाढून घेतलं आणि या वेळी नावंही ठेवली नाहीत. शेवटी सुलोचनाबाईनं एक रोडगा घेतला, वरणात टाकला आणि दाताखाली काही येणार नाही इतका बारीक कुस्करला. ते ताट भोजराजपुढे ठेवलं. तो मान खाली घालून चिमूट चिमूट ओठांतून आत ढकलायला लागला. ती तिथं थांबली नाही. ती उठून वाऱ्याच्या बाजूला, देवळाच्या मागच्या पायरीवर जाऊन बसली. त्याच्या अंगाचा डिझेलचा वास आता तिला सोसत नव्हता.