बोटावरची धूळ

आरोग्य केंद्रातल्या ताईंनी दोनदा यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"रक्तातलं शिसं पाचाच्या आत हवं," त्या म्हणाल्या. "हिचं एकतीस दाखवतंय."

ठकी, माझी दीड वर्षांची लेक, मांडीवर बसली होती. टोचलेल्या बोटावर कापूस, दुसऱ्या हाताची बोटं तोंडात. शेजारी तिचा बाबा. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणाऱ्या कारखान्यात तो कामाला आहे. सकाळची पाळी उरकून तसाच थेट आला होता. वस्तीतल्या सगळ्या लहान मुलांची ही तपासणी त्या कारखान्यापायीच चालली होती.

"इतक्यात घाबरू नका," ताई म्हणाल्या. "बोटावर शिशाची धूळ राहिली, तर ती रक्ताच्या थेंबात उतरते आणि आकडा फुगतो. हात धुतले होते ना?"

"घरून निघताना. साबणानं, दोनदा."

"दोनदाच?" नवरा म्हणाला. "ताई, हिला उकळलेल्या पाण्यातसुद्धा जंतू दिसतात."

ताई हसल्या. आता शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत पाठवू, खरं काय ते आठवड्यानं कळेल, असं सांगून त्या सुई काढायला वळल्या.

मी मनातल्या मनात घरापासून मागोवा घेत आले. हात धुतले. कडेवर घेतलं. रांगेत बाबा भेटला. मग तासभर ठकीनं दोन्ही मुठींत त्याचा अंगठा धरून ठेवला होता.

"अंगठा दाखव."

"अगं, निघताना हात धुतो मी. रोज."

मी ओला कापूस त्याच्या नखाच्या कडेनं फिरवला. कापूस पेन्सिलीनं गिरवल्यासारखा करडा झाला.

त्यानं सुस्कारा सोडला. "म्हणजे धूळच. सुटलो."

"सुटलो कसले? ती काय करतेय बघ."

ठकी चारही बोटं आत घालून मन लावून चोखत होती. रोज संध्याकाळी तो दारात आला की हीच बोटं आधी त्याच्या सदऱ्याला लोंबकळतात. मग तोंडात. मग भातात.

ताई सुई घेऊन आल्या. सुई पाहताच ठकीनं भोकाड पसरलं आणि बाबाकडे झेप घेतली. त्यानं सवयीनं हात पुढे केले, आणि ते तसेच अधांतरी राहिले.

"ताई," तो म्हणाला, "साबण कुठे मिळेल?"

मी तिचा दंड घट्ट धरला. ती बाबा बाबा करत होती. रक्त काढून झालं, नळीवर चिठ्ठी चिकटवून झाली, तरी कोपऱ्यातला नळ बंद होत नव्हता.