चमकणारे कोट

यंत्राने ऐन वेळी ते बनवणाऱ्या बाईंचंच नाक कापलं. शस्त्रक्रियेच्या नव्या खोलीतली हवा यंत्र तपासणार आणि पसंत पडलं तर रुग्णालय ते विकत घेणार, एवढा सरळ बेत होता. नाही पडलं, तर बाईंची सगळी मेहनत अडगळीत! आणि हे यंत्रमहाशय आल्यापासून टीं टीं करत सुटलेले.

यंत्र हवा आत ओढायचं आणि एकेका कणावर लेसरचा जांभळा किरण सोडायचं. साधी धूळ गप्प राहायची. जंतू, बुरशी, परागकण मात्र किरण पडताच उजळायचे. उजळला कण की टीं!

"बाई, ही खोली आहे की उकिरडा?" मोठे डॉक्टर तावातावाने पुढे आले. टीं टीं वाढलं. मागे सरले, कमी झालं.

एवढ्या मोठ्या माणसाला जंतूंचं कोठार कोणत्या तोंडाने म्हणायचं? त्या स्वतः जवळ गेल्या. तेच! मग यंत्र उचलू लागायला आलेल्या सासऱ्यांना बोलावलं. ते मळखाऊ सदऱ्यात येऊन उभे राहिले. यंत्र चिडीचूप.

"बाबा, हे आमचे कोट कशात धुतलेत?"

"पांढऱ्या झकपक पावडरीत! सूनबाईचा मोठा दिवस, म्हटलं हात आखडता कशाला? दुप्पट टाकली."

बाईंनी चक्क उडी मारली. त्या पावडरीतला चकाकी आणणारा पदार्थ किरणाखाली उजळतो, हे त्या येईल त्याला शिकवायच्या. आणि आज डॉक्टरांनाही घरून धुऊन आणलेलाच कोट चढवून स्वतः चकाकत आल्या होत्या!

"डॉक्टर, कोट काढा!"

कोट बाहेर गेले. कोटांचे हवेत उरलेले तंतू पंख्यांनी ओढून नेले आणि यंत्र गप्प झालं.

डॉक्टरांनी तोंडावरचा मास्क हनुवटीवर ओढला. "आता ते बंदच पडलं नसेल कशावरून?"

बाई यंत्र तपासायला वाकल्या. सासरे मात्र छाती फुगवून म्हणाले, "बघा साहेब, माझी धुलाई! लेसरचेसुद्धा डोळे दिपले."

डॉक्टर फस्सकन हसले. टीं!

"चालू आहे! तोंडातले जंतू पकडतंय!" बाई ओरडल्या. डॉक्टरांना पुन्हा हसू फुटलं. टीं टीं! बाईंनी पोट धरलं, सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि जो तो हसेल तसं यंत्र आणखीच बोंबलायला लागलं.

"घेतलं, बाई, घेतलं!" डॉक्टर धापा टाकत म्हणाले. "यंत्र इथेच राहू द्या. तुम्ही दोघं आधी बाहेर व्हा, आणि मलाही ओढून न्या!"